गाल्स्विंथाची पाच शहरे : फ्रँक राजघराण्यातील लग्ने आणि वाटण्या

आजच्या फ्रान्सच्या भागात राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस ५११ मध्ये वारला आणि राज्याचे चार वाटे झाले. थोरला थ्यूडरिक राणी क्लोटिल्डाच्या पोटचा नव्हता, तरी रीम्स त्याला मिळाले. तिच्या तिघांना ऑर्लेआँ, पॅरिस आणि स्वासों. या मेरोविंजियन घराण्यात आई राणी की दासी, हा प्रश्न दुय्यम. बापाने मुलगा म्हणून पत्करला की तो वाटेकरी.

वाटा म्हणजे सलग मुलूख नव्हे. शहर, भोवतालची गावे आणि तिथला कर असे हिस्से मोजून दिले जात. दक्षिणेतला ॲक्विटेन तर निराळा वाटला गेला, त्यामुळे एकाची शहरे दुसऱ्याच्या हद्दीपलीकडे पडली आणि भाऊबंदकीला कायमचे निमित्त मिळाले. क्लोटिल्डाचा ऑर्लेआँवाला मुलगा क्लोडोमर ५२४ मध्ये लढाईत पडला, तेव्हा त्याच्या पोरांचा वाटा त्याच्या दोघा सख्ख्या भावांच्या डोळ्यांत सलू लागला. त्यांनी आजीकडे, म्हणजे क्लोटिल्डाकडे, कात्री आणि नंगी तलवार पाठवली. लांब केस ही राजवंशाची खूण; ते कापले की हक्क संपला. केस कापलेले बघण्यापेक्षा मेलेले बरे, असे ती संतापाच्या भरात बोलून गेली. दोन नातू मारले गेले. वाचलेला तिसरा स्वतःच केस कापून धर्मसेवेत गेला.

लग्नातही शहरेच द्यायची. फ्रँकांच्या सॅलिक कायद्यानुसार कुळाची जमीन मुलीला मिळत नसे. (मुलगा नसेल तर मुलीला द्यावी, असा हुकूम पुढे क्लोव्हिसचा नातू राजा चिल्पेरिक याने काढला, त्याचेच हे प्रकरण.) बायकोला हक्काचे असे मिळे ते पहिल्या रात्रीनंतर नवऱ्याने द्यायच्या ‘सकाळच्या भेटी’तून, आपल्या स्त्रीधनासारखे. चिल्पेरिकने स्पेनच्या व्हिसिगॉथ राजघराण्यातील राजकन्या गाल्स्विंथाला बोर्दो, लिमोज, काओर, बेआर्न आणि बिगोर दिले. पण महालात त्याची जुनी रखेल फ्रेडेगुंड होतीच. आणलेली संपत्ती इथेच राहू दे, मला माहेरी जाऊ द्या, असे गाल्स्विंथाने सांगून पाहिले. चिल्पेरिकने नोकराकरवी तिचा गळा आवळला आणि थोड्याच दिवसांत फ्रेडेगुंडशी लग्न केले.

शहरांवर हक्क सांगितला तो गाल्स्विंथाच्या बहिणीने, ब्रुनहिल्डाने. ती चिल्पेरिकचा भाऊ सिगिबर्ट याची राणी. निकाल लागेतो दोघेही भाऊ मारेकऱ्यांच्या हातून मेले होते. ५८७ च्या आँडेलो तहात काओर तिला लगेच मिळाले. बाकीची चार तिसरा भाऊ गुंट्राम हयात असेतो त्याच्याकडे, मग तिच्याकडे. गुंट्राम वारला ५९२ मध्ये.