शॉर्ट व्हायचं तर नीट होऊ दे

डिसेंबर-जानेवारीत बेळगाव-खानापूर भागातल्या शाळांतून विज्ञान प्रदर्शनं भरतात. ज्वालामुखी, ठिबक सिंचन आणि सौरचूल यांच्या रांगेत एखादी रेल्वे असतेच. आमच्याकडे ते साहजिक आहे. टिळकवाडीत पत्तासुद्धा पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असाच सांगतात, आणि कॅसलरॉकच्या रेल्वे घाटाचं वेड पोरापासून थोरापर्यंत सगळ्यांना.

अशाच एका प्रदर्शनात एका हौशी पालकाने मुलांना हाताशी धरून तो घाट उभा केला होता. प्लायवूडचे चार तुकडे जोडून आठ मीटर लांबी, थर्माकोलचे डोंगर, दोन बोगदे, बाहेरून मागवलेली चार इंजिनं. प्रमुख पाहुणे समोर आले, चारही गाड्या एकदम सुटल्या आणि चढावर सगळ्यांनाच धाप लागली. “घरात चांगली पळत होती की ओ सर!” मुलगा रडकुंडीला आला. कुणीतरी नजर लागल्याचं निदान केलं आणि पाच मिनिटांत बोगद्याच्या तोंडावर लिंबू-मिरची लटकली. गाड्या तशाच रांगत राहिल्या. लिंबाला ओहमचा नियम ठाऊक नसतो.

घरात गाडी पळायची ती एकच असायची म्हणून. हे समजायला टेबलाखाली वाकावं लागतं, आणि माझ्या मते प्रदर्शनातल्या रेल्वेची खरी मजा तिथेच आहे.

मापाचं आधी उरकून टाकू. हौशी लोकांत सर्वांत जास्त चालणारं प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. याला ८७ ने गुणलं की १४३५ मिमी येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचं गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्यामुळे आपली इंजिनं या रुळांवर किंचित आखडून उभी राहतात. बेळगाव ते लोंढा अंतर ५० किमीच्या आसपास. ते इमानदारीत १:८७ ने करायचं तर पावणेसहाशे मीटर लांब हॉल लागेल. तेव्हा काटछाट आलीच.

आता वीज. आपल्या मार्गावर हल्ली वर तारा आल्या आहेत. त्यात २५,००० व्होल्ट असतात, आणि इंजिनातून गेलेला प्रवाह रुळांवाटे परत जातो. छोट्या रेल्वेत वर तार नाही. एक रूळ हे एक टोक, दुसरा रूळ हे दुसरं. म्हणून चाकांच्या लोखंडी आसात एका बाजूला प्लॅस्टिकचा खंड ठेवलेला असतो, नाहीतर गाडी रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट होईल. व्होल्टेज १५ च्या आसपास, त्यामुळे कोरड्या हाताला शॉक वगैरे काही बसत नाही. दर प्रदर्शनात एखादी आजी हा प्रश्न विचारतेच, आणि प्रश्न चांगला आहे.

एकाच रुळावरची चार इंजिनं वेगवेगळ्या वेगाने कशी चालतात? जुन्या पद्धतीत नियंत्रकाने व्होल्टेज वाढवलं की रुळावरची सगळीच इंजिनं जोरात पळत. नव्या डिजिटल पद्धतीत व्होल्टेज कायम असतं, पण त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. या उलटण्याच्या लयीतच संदेश असतो. दिशा ५८ मायक्रोसेकंदांनी पालटली तर तो ‘१’, निदान १०० मायक्रोसेकंद टिकली तर ‘०’. आधी सलग बरेच ‘१’, म्हणजे सगळ्यांनी कान टवकारावेत. मग इंजिनाचा नंबर, मग हुकूम, आणि शेवटी या दोघांवरून काढलेला एक पडताळ्याचा आकडा. तो जुळला नाही तर इंजिन हुकूम सरळ टाकून देतं. तेच व्होल्टेज इंजिनातली चिप एकदिश करून मोटरला पुरवते. वीज आणि निरोप दोन्ही त्याच दोन रुळांवरून! या सुंदर कल्पनेच्या खोक्यावर हल्ली ‘स्मार्ट’ आणि ‘एआय’ छापून दुप्पट पैसे घेतात. आत मात्र तेच शून्य आणि एक.

आता आमच्या घाटाकडे. वायर होती बारीक, ०.२ चौ. मिमी तांब्याची. तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण ०.०८६ ओहम. टेबल ८ मीटर, जाऊन-येऊन १६ मीटर, म्हणजे १.४ ओहम. एक इंजिन अर्धा अँपिअर घेतं असं धरलं तर टोकाला ०.७ व्होल्ट कमी पोचतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. चार इंजिनं म्हणजे २ अँपिअर, आणि घट २.८ व्होल्ट. त्यात घाट टेबलाच्या लांबच्या टोकाला. कॅसलरॉक-कुळे घाटाचा खरा चढ ३७ ला १ आहे. तोच टेबलावर घेतला की मीटरला २७ मिमी. म्हणजे जिथे मोटर जास्त प्रवाह मागते, नेमकी तिथेच वीज दमून पोचते. नजर लागली ती इथे.

गाडी रांगणं हा मात्र किरकोळ दोष. मला खरी धास्ती वाटते ती गाडी घसरल्यावर काय होईल याची. सांध्यावर डबा घसरला की धातूचं चाक दोन्ही रुळांना टेकतं आणि शॉर्ट होतं. वीज पुरवणाऱ्या पेटीला, म्हणजे बूस्टरला, हे कळून तो तुटायला, म्हणजे आपणहून बंद पडायला हवा. पण बूस्टरला चाक दिसत नाही, फक्त प्रवाह दिसतो. प्रवाह ५ अँपिअरच्या वर गेला की बूस्टर तुटतो. १५ व्होल्टला ५ अँपिअर वाहायचे तर वाटेतला सगळा रोध ३ ओहमच्या आत हवा.

आमच्या टेबलाचं बघा. वायरचे १.४ ओहम. टेम्पोतून आणताना तुकड्यांमधले रूळ जोडणारी एक पट्टी, म्हणजे फिशप्लेट, सैल झाली, तिचे २ धरू. बाकी किरकोळ ०.६. एकूण ४ ओहम. म्हणजे शॉर्ट होऊनही वाहणार १५ भागिले ४, पावणेचार अँपिअर. बूस्टरच्या दृष्टीने हे नेहमीचं कामकाज, तो खुशाल चालू राहणार. आणि ५६ वॅट उष्णता कुठेतरी निघत राहणार. कुठे? जिथे रोध जास्त तिथे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: १४ गुणिले २, म्हणजे २८ वॅट त्या एका नखाएवढ्या फिशप्लेटवर. दुकानात मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. ती चालू करून प्लॅस्टिकच्या स्लीपरवर ठेवून दिल्यासारखंच हे, आणि शेजारी थर्माकोलचा डोंगर.

‘रोध जास्त म्हणजे प्रवाह कमी, म्हणजे धोका कमी’ हे शाळेत अर्धवट शिकलेलं वाक्य इथे उलटं पडतं. धोका कमी करायचा तर शॉर्ट कडकडीत व्हावं लागतं. घरातला सैल प्लग काळा पडतो आणि एमसीबी ढिम्म हलत नाही, त्याचंही कारण हेच.

उपाय स्वस्त आहे. टेबलाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत घरगुती वायरिंगची १.५ चौ. मिमीची जोडी न्यायची. १६ मीटरला तिचा रोध ०.१८ ओहमच. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून आखूड वायर वर आणून सोल्डर करायची. फिशप्लेटने रूळ सरळ धरावेत, वीज न्यायचं काम तिच्यावर टाकू नये. रुळांवरही फार विसंबू नका. ते जर्मन सिल्व्हरचे असतात, त्यात चांदीचा कणही नसतो, आणि त्या मिश्रधातूचा रोध तांब्याच्या पंधरा-वीस पट असतो. एका रुळाची वायर लाल, दुसऱ्याची काळी, हा रंग चारही तुकड्यांत बदलायचा नाही. गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर उलट तोंडाने परत येणार असेल तर प्रकरण निराळं, तिथे दिशा पालटणारं वेगळं सर्किट लागतं.

मग परीक्षा. रुपयाचं नाणं २० ते २५ मिमीचं असतं, १६.५ मिमीच्या रुळांवर आडवं छान बसतं. बूस्टरपासून सर्वांत लांबच्या रुळावर ते ठेवा. बूस्टर तत्क्षणी तुटला पाहिजे. नाही तुटला तर नाणं लगेच उचला, आणि ज्या तुकड्यावर ही गत झाली तिथे आणखी एक जोडी खालून वर आणा. ही परीक्षा घरात करून भागत नाही. टेम्पोतून उतरवून टेबल जोडल्यावर, हॉलमध्ये, प्रत्येक तुकड्यावर पुन्हा करायची.

खऱ्या रेल्वेलाही चांगलं शॉर्ट हवंच असतं, आणि तेही मुद्दाम. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने १८७२ मध्ये याचं पेटंट घेतलं. मार्गाचा एक टप्पा बाकी रुळांपासून विजेच्या दृष्टीने तोडायचा, एका टोकाला दोन रुळांमध्ये थोडं व्होल्टेज द्यायचं, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. मार्ग मोकळा असला की रिलेला वीज मिळते. गाडी आली की तिचे अखंड आस दोन रूळ जोडतात, रिले उपाशी पडतो आणि सिग्नल लाल होतो. वायर तुटली, बॅटरी संपली, तरीही लालच. घात करतो तो गंज. क्वचित वापरातल्या रुळावर गंजाचा थर साचला की चाकाचं शॉर्ट अर्धवट होतं, रिलेला वीज मिळत राहते आणि उभी गाडी सिग्नलला दिसतच नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी आता टप्प्यात किती आस शिरले आणि किती बाहेर पडले हे मोजणारी यंत्रं बसवतात. त्यांना गंजाशी काही देणंघेणं नसतं.