क्रोन्स, टीबी आणि जठरापुढची अरुंद वाट

सकाळी खाल्लेली भाकरी संध्याकाळी तशीच उलटून पडते, ढेकरांना घाण वास येतो, वजन उतरत जाते. जठरातून पुढे आतड्यात जाण्याची वाट अरुंद झाली की असे होते. सांगली-साताऱ्याच्या डॉक्टरांना हे चित्र फार जुने. कारणे मात्र बदलत गेली. एके काळी बहुतेकदा जुनाट अल्सर निघायचा. त्याच्या जोडीला टीबी, कॅन्सर, ॲसिड पोटात गेल्याची इजा. क्रोन्स, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षे सूज आणि व्रण आणणारा आजार, या यादीत उशिरा आला आणि आजही बऱ्याचदा सर्वांत शेवटी आठवतो.

या अरुंदपणावरचे जवळजवळ प्रत्येक ऑपरेशन मुळात दुसऱ्याच आजारासाठी निघालेले आहे. जठराला लहान आतडे जोडून अडथळ्याला वळसा घालण्याचे काम व्हिएन्नात वोल्फलरने १८८१ मध्ये केले, तेही कॅन्सरच्या रुग्णावर. १८८६-८७ च्या सुमारास हाइनेके आणि मिकुलिच या दोघांनी स्वतंत्रपणे जठराचे चिंचोळे झालेले तोंड उभे चिरून आडवे शिवले. चीर लांबीच्या दिशेने, टाके रुंदीच्या दिशेने. त्यामुळे काहीही कापून न काढता मार्ग रुंद होतो. तेव्हा क्रोन्स हे नावही नव्हते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांचा लेख १९३२ चा, आणि तोही लहान आतड्याच्या शेवटच्या भागाविषयी. हाच आजार ड्युओडेनमलाही (जठरानंतर लगेच येणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या भागालाही) होतो, याची नोंद १९३७ मध्ये झाली. जठर-ड्युओडेनमचा त्रासदायक क्रोन्स आजही थोड्याच रुग्णांत दिसतो, साधारण शंभरात चारपर्यंत. त्यांच्यात ऑपरेशनची वेळ आली, तर कारण बहुधा अरुंदपणाच असते.

पुढचा टप्पा आपल्या देशातला आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. आतड्याच्या टीबीत ठिकठिकाणी आकुंचने होतात. प्रत्येक तुकडा कापत गेले तर आतडेच उरत नाही. चंडीगडच्या कटारिया आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ही आकुंचने न कापता तोच उभी चीर-आडवे टाके हा मार्ग वापरल्याचे प्रसिद्ध केले. ऑक्सफर्डच्या ली यांनी १९८२ मध्ये तो क्रोन्सच्या आतड्यावर लागू केला. या ऑपरेशनला स्ट्रिक्चरप्लास्टी म्हणतात, आणि आज जगभर क्रोन्ससाठी होणाऱ्या स्ट्रिक्चरप्लास्टीचे मूळ असे टीबीत आहे. ज्या जिल्ह्यात मिरजेचे मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झाले आणि वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी वेगळे आरोग्यधाम उभारावे लागले, तिथे हा संबंध ध्यानात ठेवलेला बरा.

कारण इथला पहिला प्रश्न अजून तोच आहे: टीबी की क्रोन्स? दुर्बिणीतून दोन्ही सारखेच दिसू शकतात. बायोप्सीत दोन्हींत ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे बारीक पुंजके) सापडतात. त्यात केसिएशन (मधला भाग मरून चीजसारखा होणे) दिसले किंवा जंतू वाढले तर टीबी पक्का, पण दोन्ही न मिळणे नेहमीचे. आतड्याच्या तुकड्यावर जीनएक्सपर्ट ही टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही, असे म्हणता येत नाही. म्हणून छातीचा सीटी, पोटातल्या गाठी, तोंडातले व्रण, गुदद्वाराजवळचे भगंदर, सगळे एकत्र मांडावे लागते.

तरीही निर्णय होत नसेल तर टीबीची औषधे सुरू करून बघतात. खरी चूक इथे होते. औषधे सुरू झाल्यावर बरे वाटले, वजन दोन किलो वाढले, एवढ्यावर "टीबीच होता" असा शिक्का बसतो. बरे वाटणे क्रोन्समध्येही आपोआप घडते. बघायचे ते दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून: व्रण भरले का? टीबीचे व्रण तोवर बहुतेकदा भरतात, क्रोन्सचे क्वचित. ते पाहिले नाही तर सहा किंवा नऊ महिने निघून जातात आणि तेवढ्यात सुजेच्या जागी तंतू जमून आकुंचन पक्के होते. उलट बाजूही आहे. टीबी पूर्ण बरा झाला तरी त्याचा वण अरुंदच राहू शकतो. अडथळा उरला म्हणजे औषध फसले, असे नव्हे.

निदान चुकण्याची दुसरी किंमत औषधात मोजावी लागते. क्रोन्सची सूज उतरवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. सुजेमुळे आलेला अरुंदपणा या गटातल्या इंजेक्शनांनी उतरू शकतो, पण दडलेला टीबी त्यांनीच उसळतो. स्टेरॉइड चालू असताना केलेली मांटू (टीबीसाठीची त्वचेवरची चाचणी) निगेटिव्ह आली तरी तिच्यावर भिस्त ठेवू नये. आणि जुना, तंतुमय झालेला भाग कोणत्याच इंजेक्शनने सैल होत नाही. प्रत्यक्षात बहुतेक जागी सूज आणि तंतू दोन्ही मिसळलेले असतात.

तुंबलेल्या जठरावर कोणताही उपाय करण्याआधी ते रिकामे करावे लागते. नाकातून जठरात घातलेली राइल्स ट्यूब, शिरेतून नॉर्मल सलाइन, लघवी नीट सुरू झाल्यावर पोटॅशियम. सततच्या उलट्यांनी क्लोराइड आणि पोटॅशियम घसरलेले असतात, रक्त अल्कधर्मी होते. हे न सुधारता भूल दिली तर हृदयाची लय बिघडू शकते. दुर्बिणीआधी नेहमीचा सहा-आठ तासांचा उपवास इथे अपुरा. आदला पूर्ण दिवस फक्त पातळ पदार्थ आणि श्वासनलिकेची काळजी घ्यायला भूलतज्ज्ञ हवा. नाहीतर तुंबलेले अन्न फुप्फुसात जाते.

दुर्बिणीतून फुगा घालून आकुंचन रुंद करण्याची पद्धत १९८० च्या दशकात रुळली. आकुंचन चार-पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, फार वाकडे नसलेले, जवळ गळू किंवा फिस्टुला (आतड्यातून फुटलेली भलती वाट) नाही, अशा जागीच. सुरुवात १० ते १२ मिलिमीटरच्या फुग्याने, मग एकेक पायरी वर. एकाच बैठकीत १८ गाठण्याचा हट्ट धरायचा नाही. साधारण शंभर वेळांत दोन-तीनदा भोक पडणे किंवा रक्तस्राव होतो. नंतर वाढत जाणारी पोटदुखी, ताप, जलद नाडी दिसली तर लगेच सीटी. आराम बहुतेकांना मिळतो, पण दोन वर्षांत बहुतेकांचा त्रास परततो आणि पुन्हा फुगवावे लागते. हे आधीच सांगितलेले बरे.

ड्युओडेनम कापून काढणे टाळतात, कारण तो स्वादुपिंडाला चिकटलेला आणि पित्तनलिका त्यातच उघडते. म्हणून वळसा किंवा स्ट्रिक्चरप्लास्टी. दुसऱ्या उपायाबद्दल १९९९ मध्येच अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सर्जनांनी चांगले आणि इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या सर्जनांनी निराशाजनक अनुभव मांडले, तेव्हापासून एकमत नाही. आजारी भाग मऊ आणि मोकळा करता येत असेल तरच ती करावी, नाहीतर वळसा बरा. वळशाच्या जोडावर अल्सर होतो म्हणून पूर्वी जठरातले ॲसिड वाढवणारी व्हेगस नस कापत. त्याने जुलाब वाढतात, आणि क्रोन्सच्या रुग्णाला ते आधीच असतात. ॲसिड कमी करणाऱ्या ओमेप्राझोलच्या गटातल्या गोळ्या आल्यापासून नस कापणे बरेच कमी झाले.

अरुंदपणा असेपर्यंत आहारात आंबील, ताक, मऊ खिचडी, गाळलेले सूप, थोडेथोडे पण अनेकदा. सांगलीचे बेदाणे चालत नाहीत, ते पोटात फुगतात. भडंगातले शेंगदाणे, मटकीची उसळ, शेवग्याची शेंग, चोखलेल्या उसाचा चोथा, द्राक्षांची साल हेही नको.

मिरज-कराडहून पुण्या-मुंबईला जाताना नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. बायोप्सीचे मेणाचे ठोकळे आणि काचा, सीटीची सीडी, टीबीची औषधे कोणत्या तारखेपासून किती डोस घेतली, आणि मागच्या वेळी फुगा किती मिलिमीटरपर्यंत नेला होता, ही नोंद सोबत असावी.