नाक अरुंद, तर कंबर रुंद हवी

गावातल्या कुठल्याही ट्रॅक्टरसमोर उकिडवं बसा आणि त्याचा पुढचा अ‍ॅक्सल (पुढची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) नीट पाहा. तो सांगाड्याला दोन्ही बाजूंनी घट्ट आवळलेला नसतो. मधोमध एक जाड पिन असते आणि तिच्यावर अख्खा अ‍ॅक्सल तराजूच्या दांडीसारखा झुलतो. पुढचं एक चाक बांधावर चढलं की दांडी तिरकी होते, ट्रॅक्टरचं धूड मात्र सरळच राहतं. चारही चाकं जमिनीला टेकून राहावीत म्हणून केलेली ही सोय. पण तिच्यामुळे हा चार चाकांचा ट्रॅक्टर खरं तर तीनच बिंदूंवर उभा असतो: मागची दोन चाकं आणि ती पिन.

अमेरिकेत जुने छोटे ट्रॅक्टर जिवापाड जपणारे पुष्कळ हौशी आहेत. त्यांच्यातल्या काहींना एक बदल फार भुरळ घालतो. रुंद अ‍ॅक्सल काढायचा, रेडिएटरखाली उभा खांब बसवायचा आणि त्याच्या तळाशी एकच चाक किंवा अगदी जवळजवळ दोन चाकं लावायची. ट्रॅक्टर लगेच 1930 च्या दशकातला दिसू लागतो. ‘त्यानं काही बिघडत नाही’ असं ते म्हणतात; ‘अरुंद नाकाचा ट्रॅक्टर उलटतोच’ असं म्हणणारेही तितकेच. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे, असं मला वाटतं.

मुळात हे रूप हौसेतून आलेलं नाही. 1924 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं ‘फार्मॉल’ बाजारात आणला. त्याआधीचे ट्रॅक्टर नांगरट करत, मळणीयंत्र फिरवत. पण मका किंवा कापूस उगवून आला की कोळपणीला पुन्हा घोडे-खेचरंच जुंपावी लागत, कारण ट्रॅक्टरच्या चाकांखाली पीक चिरडलं जाई. फार्मॉलनं हा प्रश्न सोडवला. मागची चाकं लांब-लांब, मागचा अ‍ॅक्सल उंच, पुढची चाकं एकमेकांना खेटून. पिकाच्या दोन ओळी ट्रॅक्टरच्या पोटाखालून जात आणि पुढची चाकं त्या दोन ओळींच्या मधून चालत. शेताच्या टोकाला आतल्या बाजूच्या मागच्या चाकाचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी वळे. जॉन डिअर, अ‍ॅलिस-चामर्स यांनीही हाच घाट उचलला. (पुढे 1963 मध्ये याच इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर महिंद्रानं मुंबईत ट्रॅक्टर कंपनी काढली, पण तिचा आपल्या ओळखीचा बी-275 रुंद अ‍ॅक्सलचा होता.)

आता भूमिती. एक काल्पनिक छोटा ट्रॅक्टर घेऊ. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 200 सेंमी, मागच्या दोन चाकांमधलं अंतर 140 सेंमी, गुरुत्वमध्य जमिनीपासून 75 सेंमी उंच आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या 65 सेंमी पुढे. म्हणजे साधारण दोन तृतीयांश वजन मागच्या चाकांवर. ट्रॅक्टर ज्या तीन बिंदूंवर उभा असतो, ते जोडले की आधाराचा त्रिकोण होतो; गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा त्याच्याबाहेर पडला की ट्रॅक्टर उलटणार.

पुढे एकच चाक असेल, तर गुरुत्वमध्याखाली त्रिकोणाची कड मध्यरेषेपासून जेमतेम 47 सेंमीवर येते. हिशेब केला की आडव्या उतारावर सुमारे 32 अंशांना हा ट्रॅक्टर उलटतो. रुंद अ‍ॅक्सल असेल आणि त्याची पिन 45 सेंमी उंचीवर असेल, तर त्रिकोण वरून पाहताना तोच दिसतो, पण त्याचं पुढचं टोक जमिनीवर नसून हवेत, पिनेपाशी असतं. उलटण्याची कड पुढे जाताना वर चढत जाते, गुरुत्वमध्य तिच्यापासून तितका उंच राहत नाही आणि मर्यादा सुमारे 38 अंशांवर जाते. अ‍ॅक्सल झुलणारा नसता, पक्का असता, तर ती 43 अंश झाली असती. काही अंश झुलल्यावर अ‍ॅक्सल अडणीला टेकतो आणि त्यानंतर पुढचं चाक खऱ्या अर्थानं आधार देतं, हेही खरं. पण तोवर अंगात गती भरलेली असते; ती थोपवली जाईलच असं नाही.

म्हणजे अरुंद नाकामुळे आपण सहाएक अंश गमावले. पण आता त्याच अरुंद नाकाच्या ट्रॅक्टरची मागची चाकं 140 ऐवजी 180 सेंमीवर सरकवू. मर्यादा 39 अंश! गमावलेलं सगळं परत मिळालं, वर थोडं जास्तच. फार्मॉलच्या मूळ आखणीचं मर्म इथे आहे. 1939 साली याच कंपनीनं ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन भावंडं काढली. इंजिन तेच. ‘ए’ला पुढे रुंद अ‍ॅक्सल, आणि तो एका वेळी एकाच ओळीची कोळपणी करायचा. ‘बी’चं नाक अरुंद, पण त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलचे दोन्ही हात लांब. दोन ओळी पोटाखाली घ्यायच्या म्हणून ती रुंदी आली, आणि तिनंच तोलही सांभाळला. आज हौसेनं बदल करताना नाक अरुंद होतं, कंबर, म्हणजे मागच्या चाकांमधलं अंतर, मात्र जुनीच राहते. मला काळजी वाटते ती याची.

32 अंश म्हणजे पुष्कळ झाले, एवढ्या उतारावर कोण जातं, असं वाटेल. पण जमीन सपाट नसते. 20 अंशांच्या उतारावर वरचं चाक 15 सेंमीच्या दगडावर चढलं आणि खालचं 15 सेंमीच्या खड्ड्यात गेलं, की 140 सेंमी रुंदीवर आणखी 12 अंश वाढतात. झाले 32.

सपाट रस्त्यावर वळतानाही हाच हिशेब लागू पडतो. उताराची जागा वेग घेतो. ताशी 20 किमी वेगानं 5 मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर बाहेर ढकलणारा जोर वजनाच्या 63 टक्के होतो, आणि आपल्या एकचाकी नाकाच्या ट्रॅक्टरची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. वेग निम्मा केला, तर हा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. आणि अरुंद नाकाचा ट्रॅक्टर जास्त तीव्र वळू शकतो, म्हणजे जो गुण शेतात कामाचा, तोच रस्त्यावर घातक. वळणात ब्रेक दाबला तर आणखी वाईट: वजनाचा रोख पुढे सरकतो, आणि पुढे तर त्रिकोण निमुळता होत गेलेला. रिक्षावाला भर वळणात ब्रेक न लावता वळणाआधीच वेग कमी करतो, ते याच कारणानं. रिक्षाचाही त्रिकोण पुढेच निमुळता.

पुढे माती उचलणारा लोडर बसवणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. भरलेली बादली वर उचलली की गुरुत्वमध्य पुढे जातो आणि उंचही होतो, म्हणजे त्रिकोणाच्या सगळ्यात अरुंद भागावर, सगळ्यात वाईट उंचीवर. अशा ट्रॅक्टरला रुंद अ‍ॅक्सलच हवा. यात मला तडजोड दिसत नाही.

बाकीच्यांसाठी करण्यासारखं बरंच आहे. मागची चाकं उलटी बसवून किंवा अ‍ॅक्सलवर बाहेर सरकवून रुंदी वाढवता येते. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं की वजन खालच्या बाजूला वाढतं आणि गुरुत्वमध्य खाली येतो. खांब उंच बसवून नाक वर काढू नये, आणि तो इतका मागेही घेऊ नये की चाकांमधलं अंतर कमी होईल. स्वीडननं 1959 सालीच नव्या ट्रॅक्टरांवर चालकाला वाचवणारी संरक्षक चौकट सक्तीची केली. पण हे जुने ट्रॅक्टर त्याहूनही आधीचे, त्यांच्यावर ती नसते. बसवता आली तर जरूर बसवावी, आणि तिच्यासोबत सीटबेल्टही लावावा. चौकट आहे पण पट्टा नाही, तर उलटताना माणूस सीटवरून फेकला जाऊन चौकटीखालीच सापडू शकतो.

आणि बदल करण्याआधी ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्यावा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग सगळा ट्रॅक्टर. पुढच्या वजनाला एकूण वजनानं भागून चाकांमधल्या अंतरानं गुणलं की गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या किती पुढे आहे ते कळतं. मग कागदावर त्रिकोण काढायचा आणि त्या जागी पट्टी धरून कड मध्यरेषेपासून किती लांब आहे ते मोजायचं. आकडा कमी भरला, तर हात आधी मागच्या चाकांच्या नटांना लावायचा.