माती परीक्षणाचा अहवाल वाचण्यापूर्वी: आपल्या काळ्या जमिनीची ओळख

अहवाल हाती पडताच बहुतेक ग्राहक नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे आकडे पाहतात आणि कोणत्या खताच्या किती गोण्या टाकायच्या, एवढेच विचारतात. प्रश्न रास्त आहे; मात्र त्याचे निम्मे उत्तर त्या तीन आकड्यांच्या वर छापलेल्या ओळींत, म्हणजे सामू (आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुनखडी आणि पोत (कणांचा बारीक-जाडपणा) यांत दडलेले असते. मातीत एखादे अन्नद्रव्य असणे आणि ते पिकाच्या मुळाला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांमधले अंतर याच वरच्या ओळी ठरवतात. आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत येणारे बहुतांश नमुने कृष्णा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील असल्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः तिथल्या काळ्या जमिनीविषयी आहे.

खडकापासून रानापर्यंत

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला, त्याचे थरांवर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. या पाषाणात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांचे प्रमाण मोठे असते. ऊन, पाणी, मुळे आणि सूक्ष्मजीव यांच्या माऱ्याने तो आधी सुटून मुरूम होतो आणि मुरमाची पुढे माती होते; पण या कामाला इतका वेळ लागतो की एक इंच माती तयार होण्यास शेकडो वर्षे जातात. एखाद्या जोराच्या वळिवात बांध फुटून तेवढी माती एका दुपारी ओढ्याला लागते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

माती कशी घडेल हे मूळ खडक, हवामान, जमिनीचा उतार, सजीव सृष्टी आणि काळ या पाच घटकांवर अवलंबून असते. यांतल्या एकट्या हवामानाने केवढा फरक पडतो, हे पाहण्यासाठी सह्याद्री ओलांडून रत्नागिरीकडे उतरावे. पाषाण तोच आहे, पण तिथल्या धो-धो पावसाने त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली आणि तांबडा जांभा तयार झाला. घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस कमी असल्यामुळे तेच कॅल्शियम मातीत राहिले आणि चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने साचले. म्हणूनच आंब्याच्या बागेला लागू पडलेला सल्ला उसाच्या रानाला लागू पडत नाही.

उताराचा परिणाम तर एकाच गावाच्या शिवारात दिसतो. माळावर वीतभर मुरमाड जमीन, मधल्या पट्ट्यात मध्यम खोलीची आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी जमीन, हा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. गट एकच असला तरी या तिन्ही भागांचा नमुना एकत्र करू नये, असा आमचा आग्रह असतो तो यासाठीच.

काळा रंग म्हणजे कस नव्हे

काळी जमीन ती कसदार, हा समज जुना आहे आणि अर्धाच खरा आहे. हा रंग भरपूर सेंद्रिय पदार्थांमुळे येत नाही. पाषाणातून आलेले टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट हे काळे लोहखनिज आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेला थोडासा ह्यूमस, म्हणजे पुरता कुजलेला सेंद्रिय पदार्थ, यांमुळे तो येतो. दिसायला काजळासारख्या असलेल्या नमुन्यात सेंद्रिय कर्ब जेमतेम ०.४ टक्के निघतो, तेव्हा अहवाल चुकला असावा असे ग्राहकांना वाटते. अहवाल चुकलेला नसतो.

या जमिनीची खरी ताकद तिच्या चिकणमातीत आहे. ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असलेल्या कणांना चिकणमाती म्हणतात आणि भारी काळ्या जमिनीत त्यांचे प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असते. त्यांत स्मेक्टाइट नावाचे खनिज मुख्य असते. त्याची रचना कांद्याच्या पापुद्र्यांसारखी थरावर थर अशी असून पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, त्यामुळे माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमला आतले-बाहेरचे मिळून सुमारे ७०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे चिमूटभर खनिजात सात-आठ गुंठे. याच पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, अमोनियम, सोडियम असे धनभारित आयन तिथे धरून ठेवले जातात. मुळे आपल्याकडचा हायड्रोजन देऊन हे आयन सोडवून घेतात. या देवघेवीच्या मापाला धन आयन विनिमय क्षमता म्हणतात. भारी काळ्या जमिनीत ती १०० ग्रॅम मातीमागे ४० ते ६० मिलिइक्विव्हॅलंट एवढी असू शकते, तर जांभ्याच्या मातीत आढळणाऱ्या केओलिनाइट या खनिजाची स्वतःची क्षमता ३ ते १५ एवढीच असते.

यावरून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. काळ्या जमिनीत उपलब्ध पालाश बहुधा भरपूर निघतो; तो निघाला असताना केवळ सवयीने पालाशाची गोणी टाकणे हा खर्च आहे. नायट्रेटच्या रूपातील नत्रावर मात्र ऋण भार असल्यामुळे माती त्याला धरत नाही आणि जादा पाण्याबरोबर तो खाली निघून जातो, म्हणून नत्र एकदम न देता हप्त्यांनी द्यावा लागतो.

चिकणमाती पाणी पुष्कळ धरते, परंतु धरलेले सगळेच पाणी सोडत नाही. हाताला ओल लागत असतानाही भारी रानातले पीक माना टाकते, याचे कारण उरलेले पाणी कणांना इतके घट्ट चिकटलेले असते की मुळाला ते ओढता येत नाही. याच जमिनीत वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर घातला तर नांगराच्या तळाशी दाबून बसलेला थर तयार होतो आणि पुढील कित्येक हंगाम मुळे त्यावरच अडखळतात. वाफसा पाहण्याची हातात माती दाबून सोडण्याची रीत आम्हांला कोणत्याही यंत्राइतकी भरवशाची वाटते.

सामू, चुनखडी आणि ‘सामू उतरवणारी’ औषधे

सामू म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ते मांडले, आणि तेही बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत असताना. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. हे माप दसपटीचे आहे; ७.५ आणि ८.५ यांत एकाच आकड्याचा फरक दिसला तरी विम्लता दहापट वाढलेली असते.

आपल्याकडील काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ यांदरम्यान येतो आणि तो मुख्यतः मुक्त चुनखडीमुळे तिथे टिकून राहतो. चुनखडीची ओळख घरीही पटते: ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसून बुडबुडे येतात, घरातला व्हिनेगर वापरला तरी चुनखडी जास्त असल्यास बारीक सळसळ ऐकू येते. चुनखडीमुळे स्फुरद कॅल्शियमशी बांधला जाऊन अविद्राव्य होतो, आणि लोह व जस्त मातीत असूनही मुळाला विरघळलेल्या रूपात मिळत नाहीत. खोडवा उसावर किंवा भुईमुगावर पडणारा केवडा, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडलेली पाने, हे याचेच लक्षण. अशा रानात स्फुरदयुक्त खत विस्कटून न टाकता मुळांजवळ ओळीत पेरावे. लोह सल्फेट आणि जस्त सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात काही दिवस मुरवून द्यावे. आणि युरिया ओल असलेल्या मातीत झाकावा, कारण विम्ल जमिनीच्या पृष्ठभागावर उघड्या पडलेल्या युरियातील नत्र अमोनिया वायू होऊन हवेत जातो.

आता थोडे स्पष्ट लिहितो. सामू महिनाभरात सातवर आणतो, असे सांगून विकल्या जाणाऱ्या बाटल्या घेऊन अनेक ग्राहक आमच्याकडे येतात. त्यांनी पुढील हिशोब करून पाहावा. एका एकरातील वरच्या १५ सेंटीमीटर थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. तिच्यात चुनखडी ५ टक्के असेल, तर ती ४५ हजार किलो झाली, आणि तेवढी चुनखडी निकामी करण्यास सुमारे साडेचौदा हजार किलो गंधक लागेल. लिटरभर औषधाने ते काम होणार नाही. चुनखडीयुक्त जमिनीचा सामू उतरवण्याच्या मागे न लागता मुळाभोवतीचा भाग सेंद्रिय खताने सुधारणे आणि चुनखडी सोसणारी पिके व खुंट निवडणे, हाच परवडणारा मार्ग आहे.

चोपण होते कशी

प्रयोगशाळेत येणाऱ्यांना आम्ही काचेचे दोन पेले दाखवतो. दोन्हींत पावसाचे पाणी असते. एकात चांगल्या रानातले शेंगदाण्याएवढे कोरडे ढेकूळ सोडतो. ते पाच-दहा मिनिटांत फुटून त्याचे बारीक कण तळाशी बसतात आणि वरचे पाणी स्वच्छ राहते. दुसऱ्यात त्याच गावच्या कालव्याखालच्या रानातले ढेकूळ सोडले की त्याच्याभोवती ताकासारखे धुके पसरते आणि तासाभराने पेल्यापलीकडचे बोट दिसत नाही. हलवायचे मात्र नाही. दुसरी जमीन चोपण आहे.

हे घडते सोडियममुळे. कॅल्शियम चिकणमातीच्या कणांना एकत्र बांधून ठेवतो. सोडियमवर एकच भार असून त्याच्याभोवती पाण्याचे जाड आवरण असल्याने तो कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो. सुटे झालेले कण पोकळ्यांत अडकतात, हवा आणि पाणी यांची वाट बंद होते आणि वाळल्यावर पृष्ठभाग सिमेंटसारखा कडक होतो. बारमाही उसाला मोकाट पाणी दिले आणि निचरा नसला की भूजल वर येते, केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत चढते आणि बाष्प होऊन जाताना क्षार मागे ठेवते. त्यांतला कॅल्शियम आधी चुनखडी होऊन बसतो आणि सोडियमचा वाटा वाढत जातो. दख्खनच्या कालव्यांखालील जमिनी अशा बिघडू लागल्याचे विसाव्या शतकाच्या आरंभीच लक्षात आले होते, म्हणजे हे दुखणे आजचे नाही.

अहवालात विद्युत वाहकता, म्हणजे क्षारतेचे माप, जास्त आणि सामू ८.५ च्या आत असेल, तर जमीन क्षारयुक्त म्हणजे खारवट आहे. तिला जिप्समची (कॅल्शियम सल्फेटची) गरज नसते, चांगल्या पाण्याने क्षार धुऊन निचऱ्यावाटे बाहेर काढावे लागतात. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (चिकणमातीने धरलेल्या आयनांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर ती चोपण आहे आणि तिला कॅल्शियम हवा. दोन्ही दोष एकत्र असलेल्या जमिनीत पेल्यातले पाणी सुरुवातीला स्वच्छ राहून फसवते, कारण क्षार कणांना धरून ठेवतात. एक मोठा पाऊस होऊन क्षार धुतले गेले की चोपणपणा उघडा पडतो. वाहकतेचा आकडा वाचताना पद्धत जरूर पाहावी: संपृक्त अर्कात (पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात) ४ डेसिसायमन प्रति मीटर ही खारवटपणाची सीमा मानतात, तर माती आणि पाणी १ : २.५ घेऊन मोजल्यास १ च्या आतला आकडा सुरक्षित समजला जातो.

जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला चिकणमातीवरून उतरवतो आणि सोडियम सल्फेट पाण्यात विरघळते. पण ते वाहून जाण्यास जागाच नसेल, तर जिप्समचे पैसे मातीत गेले असे समजावे. आधी चर किंवा सच्छिद्र पाइप, मग जिप्सम वरच्या थरात मिसळणे, मग भरपूर पाणी आणि त्यानंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडणे, हा क्रम बदलू नये. चुनखडीयुक्त चोपण जमिनीत गंधकही चालतो. सूक्ष्मजीव त्याचे आम्ल करतात आणि ते आम्ल मातीतल्याच चुनखडीपासून जिप्सम बनवते. एक किलो शुद्ध गंधक सुमारे साडेपाच किलो शुद्ध जिप्समचे काम करतो, पण त्याला वेळ आणि ओल लागते.

सेंद्रिय कर्ब

०.५ टक्क्यांखाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्यावर भरपूर, असे वर्गीकरण सर्वसाधारणपणे वापरले जाते. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून जातात, त्यामुळे हा आकडा हळू वाढतो आणि पाचट पेटवल्यावर वाढायचा तर राहोच, टिकतही नाही. एका शेणखतावर एका वर्षात तो दुप्पट होण्याची अपेक्षा ठेवू नये.

नमुना कसा आणावा

पीक निघाल्यावर आणि खत टाकण्यापूर्वी, सारख्या दिसणाऱ्या भागात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा २० सेंटीमीटर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून काढावी. बांध, झाडाखालची सावली, विहिरीचा परिसर आणि उकिरड्याची जागा टाळावी. सर्व माती गोणपाटावर मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. माती सावलीत वाळवावी. फळबागेसाठी वेगवेगळ्या खोलीचे नमुने वेगळे आणावेत.

पिशवी कापडाची, धुतलेली असावी. गेल्या वर्षी एका ग्राहकाने युरियाच्या रिकाम्या गोणीच्या तुकड्यात बांधून नमुना आणला. नत्राचा आकडा एवढा आला की आम्हीच तीनदा परीक्षण केले आणि शेवटी त्यांना दुसरा नमुना आणायला लावला. पिशवीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी व तिच्यावर गट क्रमांक, खोली, मागील पीक, घ्यायचे पीक आणि पाण्याचा स्रोत ही माहिती असावी. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरत असल्यास त्याचीही एक स्वच्छ बाटली भरून सोबत आणावी. रान चोपण होत असेल, तर आम्ही आधी ती बाटली तपासतो.