किमान वेतन वाढलं की नोकऱ्या जातातच?

‘सरकारनं किमान वेतन वाढवलं की मालक माणसं कमी करणारच,’ हे इतकी वर्षं ऐकवलं जातंय की तो निसर्गनियमच वाटू लागलाय. तो तसा नाही.

१ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं ताशी किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ डॉलरच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड रेस्टॉरंटांची वाढीच्या आधी आणि नंतर पाहणी केली. न्यू जर्सीतला रोजगार घटल्याचं दिसलं नाही. खाण्याचे भाव मात्र थोडे चढले. यावर कडाक्याचा वाद झाला. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांच्या आधारे उलट निष्कर्ष काढला. मग कार्ड-क्रूगर यांनी २००० साली सरकारी नोंदी तपासल्या. तेव्हाही मोठी घट सापडली नाही.

असं कसं? कामगाराला दुसरीकडे सहज जाता येत नसेल, तर मालक त्याला कामाच्या मोलापेक्षा कमी पगारात राबवू शकतो. कायद्यानं पगार थोडा वाढला तरी तो माणूस परवडतोच, शिवाय काम सोडून जाणारेही कमी होतात. कितीही वाढ करा, काही बिघडत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. वाढ किती आणि तिथल्या मालकांमध्ये कामगारांसाठी चढाओढ किती, यावर परिणाम ठरतो.