सकस ताट आणि पुरेसं ताट: धावणाऱ्यांची नेहमीची गल्लत

हाफ मॅरेथॉनची नोंदणी झाली की घरोघरी ताटातून एकेक पदार्थ उठायला लागतो. भात बंद, साखर बंद, तूप बंद, रात्री फक्त सूप आणि कोशिंबीर. घरचे कौतुक करतात, धावण्याच्या ग्रुपमधले लोक ताटाचा फोटो मागतात. महिन्या-दीड महिन्यात पाय जड होऊ लागतात, पेस म्हणजे धावण्याचा वेग घसरतो, आणि मग आपण मेहनतीत कमी पडतोय असं वाटून माणूस आणखी धावतो. खरं तर ताट सकस असतं, पण पुरेसं नसतं. सकस खाल्लं की पुरेसं खाल्लं, असं आपण धरून चालतो आणि इथेच घोटाळा होतो.

सकस ताट म्हणजे प्रथिनं, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं, तंतुमय पदार्थ ज्यात नीट आहेत ते. पुरेसं ताट म्हणजे दिवसभराच्या खर्चाला पुरेल एवढी ऊर्जा देणारं. एकाच ताटात दोन्ही गुण असू शकतात, पण एक आहे म्हणून दुसरा आपोआप येत नाही.

आधी खर्चाचा अंदाज घेऊ. सपाट रस्त्यावर धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण 1 कॅलरी खर्च होते. 60 किलोचा माणूस 10 किलोमीटर धावला की सुमारे 600 कॅलरी. हळू धावलं तर वेळ जास्त लागतो, पण त्या अंतराचा खर्च फारसा बदलत नाही.

आता हाच माणूस आठवड्यातून तीनदा 5 किलोमीटर धावत असेल, तर आठवड्याचा जादा खर्च 900 कॅलरी, म्हणजे दिवसाला जेमतेम 130. एका लहान भाकरीएवढा. त्याने ‘मी रनर आहे’ म्हणून वेगळं काही खायची गरज नाही. उलट प्रत्येक वेळी धावून झाल्यावर ग्रुपबरोबर वडापाव आणि गोड चहा घेतला, तर धावण्याचा सगळा हिशेब तिथेच फिटतो. अशांनी ताट सकस आहे का, एवढं पाहावं.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी किंवा मुंबईच्या जानेवारीतल्या फुल मॅरेथॉनसाठी आठवड्याला 50 किलोमीटर करणाऱ्याचं गणित मात्र वेगळं. जादा खर्च 3000 कॅलरी, दिवसाला 430 च्या आसपास. म्हणजे रोजच्या जेवणावर दोन भाकऱ्या आणि वर मूठभर शेंगदाणे, तेही दररोज. हे न खाता उलट ताटातून भात काढून टाकणारे लोक मी दर हंगामात पाहतो आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

ताट भरलेलं असूनही कमी कसं पडतं? कारण पोट जागेने भरतं. 100 ग्रॅम काकडीत सुमारे 15 कॅलरी असतात, 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. मोठा वाडगाभर कोशिंबीर, पालेभाजी आणि ताक घेतलं की तृप्तीचा ढेकर येतो, पण ऊर्जा फारशी मिळालेली नसते. त्यात जोरात धावल्यानंतर काही वेळ भूकच मंदावते. त्यामुळे ‘भूक लागेल तेवढं खा’ हा एरवी शहाणपणाचा सल्ला लांब धावणाऱ्याला नेहमी पुरत नाही.

क्रीडा आहारशास्त्रात यासाठी एक सोपी वजाबाकी वापरतात. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामाचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या आकड्याला चरबी सोडून असलेल्या शरीराच्या वजनाने भागायचं. हृदय, मेंदू, हाडं, संप्रेरकं या सगळ्यांचा संसार याच उरलेल्या ऊर्जेवर चालतो. साधारण 45 च्या आसपास आकडा आला तर ठीक. 30 च्या खाली तो दीर्घकाळ राहिला तर धोका वाढतो, अर्थात ही रेषा प्रत्येकाला काटेकोरपणे लागू होत नाही.

समजा एका स्त्रीचं वजन 55 किलो, त्यात चरबी सोडून 41 किलो. ती दिवसाला 1600 कॅलरी खाते. सगळं घरचं, सगळं सकस, बैठं काम करणाऱ्या मैत्रिणीला अगदी योग्य. ती 10 किलोमीटर धावते, खर्च 550. उरले 1050. भागिले 41, म्हणजे साडेपंचवीस. त्याच ताटावर मैत्रीण ठणठणीत राहील आणि हिच्या शरीरात मात्र कपात सुरू होईल.

या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये ‘रेड-एस’ (रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट, म्हणजे खेळाडूला खर्चाच्या मानाने कमी पडणारी ऊर्जा) हे नाव दिलं. खेळाडूला ऊर्जा कमी पडली की पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, सर्दी-पडसं मागे लागतं, झोप बिघडते, चिडचिड वाढते. पुरुषांमध्येही संप्रेरकं घटतात, कामेच्छा कमी होते. नडगीत किंवा पावलात स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर) निघालं की आपण बुटांना दोष देतो, खाण्याचं कुणी विचारत नाही. अमेरिकेची मेरी केन किशोरवयातच मध्यम पल्ल्याची अव्वल धावपटू होती. वजन कमी करण्याच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षं थांबली आणि पाच हाडं मोडली, असं तिने 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं.

फसवी बाब अशी की वजन दर वेळी उतरतंच असं नाही. शरीर खर्चात काटकसर करून काटा स्थिर ठेवू शकतं, आणि माणूस आणखी कमी खायला लागतो.

दुसरी बाजू थोडक्यात. फक्त पुरेसं खाऊनही भागत नाही. फरसाण, बिस्किटं आणि वड्यांवर कॅलरी भरून निघतील, पण लोह, कॅल्शियम, प्रथिनं तशीच राहतील. शाकाहारी धावपटूंनी बी-12 आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावं, जेवणासोबत चहा टाळावा आणि उसळीवर लिंबू पिळावं, त्याने लोह चांगलं शोषलं जातं.

सकस पदार्थ चुकीच्या वेळी खाल्ला तरी त्रास होतो, हे शर्यतीच्या आदल्या रात्री कळतं. स्नायू आणि यकृत मिळून जेमतेम दोन हजार कॅलरींच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठवतात, म्हणून फुल मॅरेथॉनमध्ये तिशीनंतरचे किलोमीटर अनेकांना भिंतीसारखे समोर उभे राहतात. तो साठा भरायला मोड आलेल्या मटकीपेक्षा पांढरा भात, वरण आणि तूप बरं. तंतुमय पदार्थ कमी, त्यामुळे पहाटे पोटात गडबड नाही. तासाभरापेक्षा लांब धावताना दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. केळं, खजूर, गुळाची चिक्की, धावपटूंसाठी मिळणारं साखरेचं जेल, जे सरावात पचलं असेल ते घ्यावं. एरवी टाळायची साखर इथे कामाची ठरते.

लांब धावणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की भाज्या-उसळी आहेत तशाच ठेवा आणि त्यांच्या जोडीला ऊर्जा वाढवा. भाकरीवर तूप, भाजीत दाण्याचं कूट, निघण्याआधी एक केळं, आल्यावर तासाभरात दूध-पोहे किंवा अंडी-पोळी. विश्रांतीच्या दिवशी ‘आज धावलो नाही’ म्हणून जेवण तोडू नका, साठा भरणं आणि स्नायूंची डागडुजी त्याच दिवशी चाललेली असते. आणि पाळी तीन महिने आली नसेल, तर ‘ट्रेनिंगमध्ये असं होतंच’ हे ग्रुपमधलं उत्तर मान्य न करता डॉक्टरांकडे जा. गर्भधारणा, थायरॉईड वगैरे कारणं ते तपासतीलच, पण आठवड्याला किती किलोमीटर धावता आणि दिवसभरात काय-काय खाता, हे त्यांना आपणहून सांगा.