‘बसून राहा’पासून ‘पाय टेकव’पर्यंत : खेळातल्या दुखापतीची पार्श्वभूमी

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कबड्डीचा हंगाम भातकापणी उरकली की सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. दुखापतीचा हिशेबही याच मापाने होतो: पाय या हंगामात मैदानात उतरेल की पुढच्या? हा हिशेब नेहमी ‘आराम’ या एका शब्दापाशी अडतो. डॉक्टर, प्रशिक्षक आणि घरची माणसं तिघंही तो शब्द वापरतात, पण प्रत्येकाच्या मनातला अर्थ निराळा असतो.

आंबेहळद, रक्तबोळ, तुरटी यांचा गरम लेप आणि वर घट्ट पट्टी ही हाडवैद्याची पद्धत. त्यातली पट्टी आजच्या शास्त्रालाही मान्य आहे. घोटाळा होतो तो दुसऱ्या दिवशीच्या मालिशने. मांडीवर गुडघा बसून मुका मार लागतो, तेव्हा आत स्नायूत रक्त साकळलेलं असतं. तिथे रगडलं की फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हा वाहतात आणि क्वचित त्या गाठीत चक्क हाड धरतं. मग गुडघा पूर्ण वाकायला कित्येक महिने जातात. लचक, उसण, शीर तुटणे आणि अलीकडचं ‘लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) गेलं’ हे शब्दही एकमेकांत मिसळून गेले आहेत. स्नायू ताणला तरी लिगामेंट गेलं, गुडघ्यातली गादी फाटली तरी लिगामेंटच गेलं.

1978 साली अमेरिकेत एका डॉक्टरने विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे या चार गोष्टी एका इंग्रजी संक्षेपात बसवल्या. उच्चार ‘राइस’. हे सूत्र जगभर पाठ झालं आणि किनाऱ्यावर तर विशेष रुजलं, कारण बंदराजवळ बर्फाला तोटा नाही. मासळीसाठी फोडलेला चुरा घोट्याच्या खाचाखोचांत लादीपेक्षा चांगला बसतो. तो पिशवीत भरून, खाली ओला टॉवेल ठेवून 10 ते 15 मिनिटं लावायचा, तासाभराने हवं तर पुन्हा. मात्र बर्फात मीठ असेल तर त्याचं तापमान शून्याखाली जातं आणि अर्ध्या तासात कातडी जळू शकते. मासळीच्या पेटीतला बर्फ थेट पायावर थापणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

वाद बर्फापेक्षा विश्रांतीवरून जास्त झाला. सूज ही नुसती बिघाड नसते. पहिल्या दोन-तीन दिवसांत पांढऱ्या पेशी तुटका कचरा उचलतात आणि नवे तंतू विणण्याचा सांगावा धाडतात. त्यानंतरचे काही आठवडे तंतू विणले जातात, पण आडवेतिडवे. त्यांना दिशा मिळते ती भार पडल्यावरच, आणि ते काम पुढे कित्येक महिने चालतं. 2012 साली जुन्या सूत्रातली विश्रांती काढून ‘योग्य तेवढा भार’ घातला गेला. 2014 साली मूळ सूत्र मांडणाऱ्या डॉक्टरनेच बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं, असं लिहिलं. 2019 साली आलेल्या ‘पीस’ आणि ‘लव्ह’ या इंग्रजी संक्षेपांच्या जोडसूत्रात बर्फ उरलाच नाही, उलट सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुरुवातीला टाळा असंही सांगितलं गेलं. बर्फाने वेदना कमी होते, हे अजूनही खरं. जखम लवकर भरते, याला पुरावा तोकडा.

तरीही गावोगाव आजही ‘तीन आठवडे बसून राहा’ हाच सल्ला मिळतो, आणि जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. गुडघ्यात थोडं पाणी झालं तरी मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा आदेश कमी करते. खेळाडू जोर लावतो, पण स्नायू आवळतच नाही. त्यात पाय बांधून ठेवला की दोन आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते.

घोटा मुरगळल्यावर मोडला की नाही हे पाहायला 1992 साली कॅनडातून आलेला नियम सोपा आहे. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं, मागच्या कडेने खालून 6 सेंटिमीटरपर्यंत दाबून पाहा. करंगळीकडचा पायाच्या मधला उंचवटा आणि आतल्या कमानीवरचं हाड दाबा. यातलं काही दुखलं किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. तसं नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाय टेकवायचा. वेदना दहापैकी तीनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली नसावी. पुढे टाचा उचलणे, एका पायावर तोल, मग उड्या.

2014 साली कबड्डीची व्यावसायिक लीग टीव्हीवर आली आणि मॅटचं (मातीऐवजी अंथरलेल्या कृत्रिम गादीचं) आकर्षण गावापर्यंत पोचलं. मातीत पाय घसरतो, बूट घातलेला पाय मॅटला धरून राहतो. चढाईपटू वळतो, पाऊल वळत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो. पुढचं लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया झाली की नवा तुकडा बसवला जातो, पण तो आधी कमजोर होतो आणि मग रुजतो. 2016 सालच्या एका अभ्यासात परतण्याला नऊ महिन्यांपर्यंत जितका उशीर, तितका दर महिन्याला पुन्हा इजेचा धोका जवळजवळ निम्म्याने घटलेला दिसला.

मनाकडे लक्ष गेलं ते फार उशिरा, आणि तेही उसन्या चौकटीतून. 1969 साली मरणासन्न रुग्णांसाठी मांडलेल्या पाच पायऱ्या खेळाडूंना लावल्या गेल्या: नकार, राग वगैरे. खेळाडू अशा पायऱ्या चढत नाही. सकाळी फिजिओकडे उत्साह, संध्याकाळी मैदानाचे दिवे दिसले की चिडचिड. 1988 सालच्या मांडणीने दुखापतीआधीचा ताणही हिशेबात धरला: ताणात नजर आक्रसते, स्नायू आवळलेले राहतात, कोपऱ्यातला रक्षक दिसतच नाही. खेळाडू कोट्यातली नोकरी टांगणीला असेल तर हा ताण दुप्पट. 2008 साली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या मानसिक तयारीसाठी बारा प्रश्नांची मोजपट्टी आली.

मैदानावर ही भीती ओळखू येते. चढाईपटू एकाच बाजूने शिरतो, दुखऱ्या पायावर वळत नाही. रक्षक घोट्याची पकड अर्ध्यात सोडतो, आणि अर्धवट पकडीतच गुडघा अडकतो. म्हणून आधी रिकाम्या मैदानात चढाई, मग ओळखीच्या साथीदाराची हलकी पकड, मग सांगून केलेली पूर्ण, आणि शेवटी न सांगता केलेली. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली तर नऊ महिने ऑक्टोबरात पुरे होतात, हंगामाच्या आधी. मार्चमध्ये झाली तर डिसेंबर उजाडतो, गावच्या जत्रेची स्पर्धा तोंडावर असते आणि ‘फक्त एक सामना’ म्हणणारे घरापर्यंत येतात.